नारळ फोडलेला पॉइंट

आधीच सांगून टाकते, रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू चपलेने बाजूला सारून ऑफिसला जाणारी बाई आहे मी. करणी, संकेत, भास... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मी जिऑलॉजिस्ट. नाशिकला द्वारकेजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. सिन्नरच्या पुढे एका माळावर झिओलाइट शोधायचं काम आलं होतं – आपल्या काळ्या खडकात सापडतात ते चमकदार खडे. आधी माळभर हिंडून कुठे कुठला खडक उघडा पडलाय, कोणत्या बाजूला कललाय याच्या नोंदी घ्यायच्या आणि त्या सॉफ्टवेअरला द्यायच्या. ते खालचे थर अंदाजाने जोडून मॉडेल तयार करतं, आणि ते बघून बोअर मारायच्या जागा, म्हणजे पॉइंट, मी ठरवते. सगळा अंदाज वरच्या दगडावरून, हे लक्षात ठेवा. जमिनीच्या आतलं त्याला काही दिसत नाही.

बोअरचं मशीन चालवायला सुनील होता, माझा धाकटा भाऊ. त्याला या कामाला मीच लावलं. माझ्या नजरेसमोर राहील, असं आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

त्या सकाळी तो मशीन घेऊन माळाकडे निघाला आणि मी ऑफिसात सहज म्हणून मॉडेल उघडलं. पहिल्या पॉइंटच्या बरोबर खाली, थरांच्या मधोमध, एक मोठी रिकामी जागा होती. आदल्या संध्याकाळी तिथे सलग खडक होता – मी स्वतः बघितला होता. नोंदी तपासल्या, मॉडेल परत चालवलं... तेच. ऑफिसच्या सरांना बोलावलं. त्यांनीही बघितलं आणि म्हणाले, सॉफ्टवेअरची गडबड असेल, वरच्या नोंदींवरून पोकळी कशी कळेल? बरोबरच होतं त्यांचं. तरी मी स्क्रीनचा फोटो काढून सुनीलला पाठवला, तर जाईना. माळावर रेंज नाही. शेवटी स्कूटर काढली. सिन्नरपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

पोचले तर पॉइंटवर नारळ फुटलेला. दगडाला हळदकुंकू, अगरबत्त्या लावलेल्या, आणि मशीनची गाडी मागे घेत पॉइंटवर लावायची तयारी चाललेली. मी सुनीलला बाजूला घेऊन म्हटलं, जागा बदल.

"नारळ फुटलाय, ताई," तो म्हणाला. "आता पॉइंट हलवला तर पोरं मशीनला हात लावणार नाय."

हे मलाही माहीत होतं. नारळ फुटलेली जागा सोडायची नाही, हा बोअरवाल्यांचा नियम आहे. मी त्याला पोकळीचं सांगितलं. त्याने विचारलं, कशावरून? फोटो दाखवायला माझा फोनही जवळ नव्हता, घाईत ऑफिसातच राहिला होता. मग मी सरळ जाऊन त्या दगडाशेजारी बसले. म्हटलं, आण गाडी. बसल्यावर मात्र घाम फुटला, कारण माझं चित्र खरं असेल तर पोकळीवर आता मीच बसले होते!

सुनील जाम भडकला. शिकून डोकं फिरलंय म्हणाला. पण बहीण हलत नाही म्हटल्यावर त्याने एकाला गावात पिटाळून दुसरा नारळ मागवला, आणि पोरं कुरकुरत पलीकडच्या पॉइंटवर गेली.

काम सुरू झालं. जेवणं झाली, मशीन परत धडधडायला लागलं... आणि पहिल्या पॉइंटची जमीन खाली बसली. फार आवाजही झाला नाही. दगड, नारळाची भकलं, अगरबत्त्या, सगळं आत. मशीनची गाडी सहज मावली असती एवढा खड्डा. सुनीलने मशीन बंद केलं. मी त्याचा हात जो धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

रेंजमध्ये आल्यावर मी पाठवलेला फोटो त्याला मिळाला. त्याने बघितला आणि फोन माझ्याकडे दिला. "ताई, यात तर काहीच नाय."

खरंच नव्हतं. सलग थर. ऑफिसात माझ्या फोनमधला फोटो बघितला, मॉडेल उघडलं, तिथेही सलग. सरांना पोकळी बघितल्याचं पक्कं आठवतं, पण आता ते त्या विषयावर बोलत नाहीत.

खड्ड्याचं स्पष्टीकरण आहे हो, खडकात पोकळ्या असतात. मला ती दिसली कशी, याचं नाही. आणि खरा त्रास पुढेच आहे. आता सुनील माझ्या शब्दाशिवाय नारळ फोडत नाही. दर पॉइंटला रेंज असेल तिथे येऊन फोन करतो – "ताई, बघितलं का? भरीव हाय ना?"

मी बघते. परत परत बघते. सलग खडक दिसतो. तसा तर तो त्या आदल्या संध्याकाळीही दिसला होता. तिकडे तो फोन धरून थांबलेला असतो, आणि मला "हो" म्हणावं लागतं.