काशीमावशीचा हात

काशीमावशीकडे बांगड्या भरायला बसलं, की आधी ती हात दाबून दाबून मऊ करायची. बांगडी सांध्यावर अडली की एकदम विचारायची, "काव बाई, तुह्या सासूले मिशा हायेत का?" बाई खुदकन हसली, हात सैल पडला, की बांगडी मनगटावर! आर्वीच्या बाजारातल्या या कासारणीचा प्रश्न आम्हा बिनलग्नाच्या पोरींनाही चुकला नाही. मला तर ती फ्रॉकात असल्यापासून बजावायची, "तुह्या लग्नाचा चुडा मीच भरीन."

मी कॉलेजात असताना तिच्या डाव्या तळहातात, करंगळीच्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिने हळद लावून वेळ काढला. "जलमभर बायाईचे हात दाबले, त्याचा घट्टा हाये," म्हणायची. शेवटी आईने आणि मी तिला एसटीत बसवून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, बोटं कापावी लागतील. हाडाचा नाही, आतल्या मऊ मांसाचा. हातात असा लाखात एखाद्यालाच होतो.

"म्हंजे लाखात एक हावो मी!" मावशी म्हणाली आणि तिने डॉक्टरांचाच हात दाबून पाहिला. "साहेब, तुमाले अडीचची बांगडी बसन. मले तीन बोटं तं ठेवजा, तेवढ्यात धंदा करीन."

करंगळी, शेजारचं बोट आणि तळहाताची कड गेली. तीन बोटं राहिली. घाव भरला, पण थोट्या हाताने बांगड्या भरून घेणं बायकांना अपशकुनी वाटू लागलं. मावशी दुकानात माशा मारत बसायची. "आता माशाईलेच बांगड्या भरतो," म्हणून हसायची. मला ते हसू बघवत नसे.

माझं लग्न ठरलं. "तिले नको बोलावू," आत्याने आईला बजावलं. मी हट्टच धरला. चुड्याच्या वेळी वऱ्हाड येऊन बसलं होतं, सासूबाई अगदी समोर. मावशीने माझा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली. बांगडी सांध्यावर अडली. तिने ती तीन बोटांनी तशीच रेटायला घेतली. चुड्याची बांगडी भर मांडवात फुटली असती, तर तिला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काव मावशी, माह्या सासूले मिशा हायेत का?"

आत्याने कपाळाला हात लावला. मावशी मात्र फस्सकन हसली, बोटं सैल पडली आणि बांगडी मनगटावर! पुढचा चुडा सरसर भरला. रीतीप्रमाणे मी तिला वाकून नमस्कार केला. सासूबाईंकडे बघायची माझी छाती होत नव्हती. तेवढ्यात त्याच उठल्या, मावशीपुढे मांडी घालून बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"हायेत दोन-चार," त्या म्हणाल्या. "आता मले भर."