फुलदाणीशी बोलणारी माणसं

माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणी मोठा ताप आला आणि तिचे कान गेले. ती अंजनगाव सुर्जीला राहते, शिवणकाम करते. आम्हा दोघींचं बोलणं हातांनीच, घरातच तयार झालेल्या खुणांनी. सिनेमाला ती सहसा येत नाही. हल्ली त्यात माणसं नुसती बसून बोलतात, असं तिचं म्हणणं.

मागच्या हिवाळ्यात ती अमरावतीला माझ्याकडे आली होती. आमच्या कॉलनीतले एक निवृत्त प्राध्यापक तिथल्या हॉलमध्ये अधूनमधून जुने सिनेमे दाखवतात. त्या रविवारी एक विदेशी विनोदी सिनेमा होता, सिनेमा नुकताच बोलायला लागला त्या काळातला. अर्धा मुका, अर्धा बोलका. मी तिला ओढतच नेलं.

मुक्या भागात ताई पोट धरून हसली. नायक चुकून लग्नघरात शिरतो, त्याला वाढपी समजून लोक त्याच्या हाती ताटं देत सुटतात. मग अचानक पडद्यावरची माणसं बोलू लागली. आवाज खरखरीत, त्यात इंग्रजी. आम्ही सगळे कान देऊन बसलो. ताईनं माझा दंड दाबला आणि खुणेनं विचारलं, "हे सगळे त्या फुलदाणीशी काहून बोलून राहिले?"

मी पाहिलं. खरंच, नवरी, सासरा, नायक, जो तो बोलण्याआधी टेबलावरच्या फुलदाणीकडे सरकत होता.

मी तिचा प्रश्न मोठ्यानं विचारला. सरांनी सिनेमा थांबवला.

"तिच्यात माईक लपवला असंन," ते म्हणाले. "तवा असाच कुठंतरी दडवून ठेवत. कोनाच्या ध्यानात आलं हे?"

"माह्या ताईच्या. तिले ऐकू येत नाई."

सरांनी तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि आता लोक खो खो हसू लागले. माझं पडद्याकडे लक्ष नव्हतं. आवाज कुठे दडवलाय हे, आवाज कसा असतो ते आठवतही नसलेल्या माझ्या बहिणीनं हेरलं होतं.

ती मात्र नायकाकडे बघत होती. "बिचारा," तिनं खूण केली. "आधी किती मोकळा होता. आता हलायले भेते."

मागच्या बाईंनी वाकून विचारलं, "ताई आनखी काय म्हनून राहिल्या?"

मी सांगितलं. मग शेवटपर्यंत ताईचे हात चालू राहिले, आणि मी ते बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचवत राहिले. दुसऱ्या दिवशी ती गावी जाणार होती. पुढचा सिनेमा पाहूनच गेली.