कॅप्टनची होडी

बदली होऊन अकोल्यात आलो, तेव्हा समोरच्या अंगणात एक गृहस्थ प्लायवूडची होडी बांधत होते. शिडाची, शर्यतीची. तिच्याखाली घरीच वेल्डिंग केलेला ट्रेलर. गल्ली त्यांना कॅप्टन म्हणे, म्हणून खरं नाव मी कधी विचारलंच नाही. कानावर पेन्सिल ठेवून ते होडीला बैलासारखं थोपटत.

शर्यत पुण्याकडच्या धरणावर होती. आमच्याकडे नळ पाच-पाच दिवसांनी येत. होडी पुरी झाली आणि नळ आले, तसा कॅप्टननं पाइप थेट होडीतच सोडला.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"आतलं पाणी भायेर नाई गेलं, त भायेरचं आत कसं येईन?"

थेंबही गळला नाही. पण पुढचे नळ लांबले, आणि अख्खी गल्ली बादल्या घेऊन होडीकडे येऊ लागली.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी होती. कॅप्टन होडीचं बूच काढायला वाकले, तशा शेजारच्या काकू कडाडल्या, "खबरदार, कॅप्टन! आधी नळ येऊ द्या, मंग जा शर्यतीले!"

कॅप्टन माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमी तरी समजवा न यायले."

मी हातातली भरलेली बादली हळूच पाठीमागे घेतली.