आबा एकटेच परतले

आज सकाळी जळगावात, मी शिकवते त्या कॉलेजची फरशी फिनेलने धुतली जात होती. त्या वासासरशी मला माझं विद्यापीठ आठवलं. तिथल्या कॅन्टीनमध्ये अतिरेक्यांनी बॉम्ब फोडला आणि माझी मैत्रीण रेखा गेली. आठवड्याने वर्ग उघडले, तेव्हा सगळीकडे हाच वास होता. नरडाण्याहून माझे वडील, आबा, मला न्यायला आले.

“चाल घर, बेटा. बठ्ठं सामान बांध.”

“आबा, मी आठेच शिकसू.”

मी इथेच शिकणार, असं सांगून मी वर्गात गेले. तास संपेपर्यंत आबा वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहिले, मग गाडीने एकटेच परतले. तेव्हा मला माझ्याच धिटाईचं कौतुक वाटलं होतं. आता माझी लेक दूर शिकते. त्या बाकावरून उठायला आबांना माझ्याहून जास्त धैर्य लागलं होतं.