शेवटच्या कडव्यातलं नाव

गाण्यातला एकच शब्द मी बदलला. तोही तीन अक्षरांचा. आमच्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात जिनं गाणं रचलं तिचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. गाणारी कोणीही असो, नाव रचणारीचंच घ्यायचं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण नव्या बायकांना हा नियम मीच डोळे वटारून शिकवत असे. आणि मीच एका भरल्या बैठकीत मैत्रिणीचं नाव काढून तिथे माझं घातलं. तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची.

मैत्रीण कोराडीच्या कॉलनीतली, भिंतीला भिंत लागून. दोघींचे नवरे वीज केंद्रात कामाला, दोघींच्या अंगणात तिथल्या चिमणीची सारखीच राख. ती कपडे वाळत घालता घालता गाणी रचायची. लिहून ठेवणं तिला माहीत नाही. कुंपणावरून म्हणून दाखवायची आणि मी पाठ करायची. तिचा गळा घोगरा, माझा खणखणीत. म्हणून विहारात, नामकरणाला, जयंतीला मी पुढे उभी राहायची आणि ती मागे बसून खंजिरी वाजवायची. टाळ्या माझ्याकडे बघून पडायच्या. शेवटच्या कडव्यात तिचं नाव आलं की ती मान खाली घालून खंजिरी जरा जोरात वाजवायची. तेवढाच तिचा वाटा.

आम्ही पुढे नागपुरात राहायला आलो, तरी गाणं सुटलं नव्हतं. धरमपेठेत एका कॉफीच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी संध्याकाळी गाण्याची बैठक भरते. चाळीस खुर्च्या, एक माइक आणि डोळे मिटून स्वतःचं दुःख गाणारी गिटारवाली पोरं. नातीनं तिथे आम्हा दोघींची नावं दिली. मी तिच्या स्कूटीवरून वेळेच्या आधी पोचले. नवी साडी, केसांना मेंदी, जशी काही माझी सोयरीकच ठरणार होती. मैत्रीण कोराडीहून बसनं येणार होती, आणि बस कोळशाच्या ट्रकांमागे अडकली होती. ती यायच्या आत आमची पाळी आली.

बैठक चालवणारी बाई म्हणाली, "आजी, आमच्याकडे एकच नियम आहे. ज्याचं गाणं त्यानंच गायचं. हे तुमचंच ना?"

थांबा, जिचं आहे ती बसमध्ये आहे, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण माइक समोर होता, आणि चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती.

"हो तर," मी म्हणाले. "माझं नाही तर कोणाचं?"

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

गाणं नवंच होतं, आधी कुठे न गायलेलं, विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्याचं. बाई ते धुते, दोरीवर घालते, ते करडं होतं, ती पुन्हा धुते. 'पांढरं लुगडं दोरीवरी, राख पडते पदरावरी' म्हटल्यावर गिटारवाली पोरंही ठेका धरायला लागली. मला तर पंखच फुटले. मग शेवटचं कडवं आलं. आता तिचं नाव घेतलं तर मी खोटी ठरणार. तिचं नाव तीन अक्षरी, माझंही तीन अक्षरी. चालीत अगदी मापात बसलं.

तेव्हा ती दारात येऊन उभी होती. पिशवीतून खंजिरी अर्धी बाहेर काढलेली. ती तिनं परत आत सरकवली, आणि गाणं संपल्यावर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

जिन्यात मी म्हणाले, "अवं, इथला नियमच तसा होता. मी काय करू?"

"बरं," ती म्हणाली. "घाम आला तुले. पूस."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मंडळात यायची थांबली, आणि पुढे मुलाकडे बुटीबोरीला राहायला गेली. मी फोन केला नाही. तिनं आधी करावा अशी माझी अपेक्षा होती, हे लिहिताना आज माझंच मला हसू येतं. इकडे त्या बैठकीचा व्हिडिओ घरोघर फिरला. मला राखवाली आजी म्हणून बोलावणी यायला लागली, आणि मी जात राहिले, आठ वर्षं, दर वेळी ती तीन अक्षरं मापात बसवत. लोक विचारायचे, आजी, आता दुसरं एखादं? मी म्हणायची, घसा धरलाय. दुसरं रचणारी बुटीबोरीत होती, हे कोणाला सांगू?

यंदा त्याच खोलीत पुन्हा बोलावणं आलं. गुडघ्यांनी जिन्यात तीनदा थांबवलं, आणि तिसऱ्या वेळी माझं ठरलं. शेवटच्या कडव्यात मी तिचं नाव घेतलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं प्रेमानं मला माझंच नाव सुचवलं. तिला वाटलं, म्हातारी विसरली. मग मी गाणं थांबवून माइकवर सांगितलं, गाणं कोणाचं आणि मी काय केलं. त्यालाही टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला खरी लाज वाटली.

नातीनं ते सगळं फोनवर घेतलं होतं. ते घेऊन आम्ही दोघी बुटीबोरीला गेलो. मैत्रीण दारात तूर निवडत बसली होती. तिनं चष्मा लावला आणि फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, माझी कबुली धरून. बोटांची हालचाल तेवढी सुपाच्या काठावर चालू होती, ठेक्यात.

"नवीन काही रचलं का वं?" मी विचारलं.

तिनं फोन नातीच्या हातात दिला, चष्मा काढला आणि म्हणाली, "नाव बरोबर घेतलं तू. पण राख पडते नाही वं, राख बसते. पडली असती तं झटकून मोकळी झाली असती बाई, पुन्हा पुन्हा धुतली काहून असती? आठ वर्षं माहं गाणं चुकीचं गाऊन राहिली, अन् विचाराले एक फोन नाही केला मले."