मरीमायचा गाडा आणि माझा सदरा

"कॉलरा आहे," शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. कॉलरा म्हणजे आपली पटकी. पहाटेपासून मला जुलाब-वांत्या चालू होत्या. बैलगाडीतून आणेपर्यंत पायांत गोळे आले होते. मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे अभिमानाने सांगत आलो आहे, आणि पुढे जे घडलं त्यात त्या अभिमानाचा वाटा आहे.

डॉक्टरांनी शिरेतून सलाईन दिलं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. अंगातलं गेलेलं असं परत भरतात. "कपडे जाळा. नदीवर नेऊ नका. रोग पाण्यातून जातो," ते म्हणाले. आई बाहेर ओट्यावर होती, ऐकलं मी एकट्याने. अंगात पदवीच्या दिवशीचा सदरा होता. आईला मी एवढंच म्हणालो, "धुई ठेव."

आईने तो गावी जाऊन गोमाई नदीवर धुतला. माझ्या बहिणीचं, आक्काचं, सासर त्याच नदीवर, खालच्या अंगाला.

तिसऱ्या दिवशी वडील, आमचे आबा, दवाखान्यात आले. गावात पटकीने आणखी दोन घरं धरली होती आणि मरीमायचा गाडा निघणार होता. लाकडी गाड्यावर देवी बसवायची, नैवेद्य ठेवायचा आणि गाडा पुढच्या गावाच्या शिवेत लोटून यायचं. ते गाव त्याच्या पुढच्याला लोटतं. ज्याच्या घरी पहिलं दुखणं, त्याचा हात पहिला.

"पुढलं गाव आक्कानं सासर शे," आबा म्हणाले. "तू शिकेल शे. सांग, लोटू का?"

"लोटा आबा. गाडामा काय ऱ्हास?" मी म्हणालो. लाकडाच्या गाड्यात कसला रोग असणार, या खात्रीने डोळे मिटले.

नवव्या दिवशी घरी आलो. दोन दिवसांनी निरोप आला, आक्काची चार वर्षांची मुलगी पटकीने गेली.

आबा तिकडे गेले नाहीत. ओसरीत बसून राहिले, ताट परत जाऊ लागलं. "मन्ही नातले मी मारं," म्हणाले. "तठे मरन जाई हाई मले मालूम व्हतं. देवीनं काम म्हनीसन लोटं."

पाप-पुण्य सगळ्यांना सारखं, की ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे वेगळं, यावर कॉलेजात मी तास-तास वाद घातले होते. आता समोर आबा होते. त्यांनी मरण लोटलं असं मानलं, आणि गाडा रिकामा होता. आणि मी, आपण काहीच केलं नाही असं मानत होतो. सदऱ्यातूनच रोग गेला हे कोणी सिद्ध केलेलं नाही. पण मला ते सिद्ध करून घ्यायचं धाडसही नव्हतं.

शेवटी आबांना सदऱ्याचं सांगितलं.

"तुन्हा हातनी चुकीसन व्हयनं. मी जानीबुजी करं," म्हणाले. "चाल. दोन्हीजन तिले सांगू."

आक्काने दारात उभं राहूनच सगळं ऐकलं. रडली नाही.

"पाप वाटाले उनात का दोन्हीजन?"

पाप वाटून घ्यायलाच आलो होतो; आबा उंबऱ्याशी बसले.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर कपडे जाळा, कितीही आवडते असोत. डॉक्टर जे बोलतील ते घरातल्या सगळ्यांना सांगा. त्या डॉक्टरांमुळे मी जिवंत आहे, त्यांचं म्हणणं एवढं तरी पुढे पोचवतो. आक्कालाही तेच सांगितलं, धाकट्या मुलाला पाणी उकळून दे. देवीचं नाव घेतलं नाही, शिक्षणाचंही नाही.

ती आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला.

"पानी किती येळ उकायनं?" तिने आतूनच विचारलं.