इंजिनावरचं भस्म

त्या उन्हाळ्यातली ती पांढरी गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या वर्षी आमच्या हद्दीत चकाकणारी अशी ती एकच वस्तू उरली होती. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं, आमच्याकडे टँकरने. टँकर आला नाही की पोलीस ठाण्याच्या दारात घागरींची रांग लागायची, जणू टँकर आम्हीच अटक करून ठेवला होता.

मी तेव्हा जळकोटच्या पुढे, सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावी पोलीस निरीक्षक होतो. पाणी नसलं तरी गावात उत्साह मुबलक होता, कारण तालुक्याचा जिल्हा होणार अशी बातमी होती. बातमी मुंबईहून आली म्हणत. मुंबईत ती कुणाला ठाऊक नव्हती. तरीही स्वागत समिती झाली, कमान उभी राहिली आणि तिच्यावर 'जिल्हा' हा शब्द रंगवूनही झाला.

समितीचे अध्यक्ष होते गावातले मोठे आडत व्यापारी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलताना समोर दहाच माणसं असली तरी हजारांना पुरेल असा आवाज. त्यांचीच ती गाडी. जपानी कंपनीची, आठ-दहा वर्षं जुनी, चार दारांची. ह्याच बांध्याची गाडी आपल्या देशातही बनायची. इंजिन साधं, स्वभाव संसारी. जपानात मात्र त्याच बांध्यात शर्यतीचं टर्बो इंजिन घालून विकत. आप्पांची गाडी म्हणे तिकडची, थेट जहाजाने आलेली. मागे तसा बिल्ला होता आणि बॉनेटवर हवा आत घेणारी नाकपुडी होती.

जिल्ह्याच्या आगाऊ आनंदाची मिरवणूक निघाली तेव्हा बंदोबस्ताला मी स्वतः होतो. ती गाडी सगळ्यांत पुढे. कमानीखाली थांबली, तशी पाहुण्यांपैकी एकाने बॉनेट उघडायची विनंती केली. तो गावातल्या एका प्रतिष्ठित घरचा जावई, पुण्याच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. त्याने आत वाकून पाहिलं आणि सरळ मनाने म्हणाला, "आप्पा, हे तर आपलं इथलंच साधं इंजिन आहे. टर्बो कुठंय?"

दुसरा कुणी असता तर त्याला गप्प बसवलं असतं. पण गावच्या जावयाला कोण गप्प बसवणार? हलगी थांबली. शेपाचशे माणसं आप्पांकडे पाहू लागली. आप्पांनी बॉनेट स्वतःच्या हाताने बंद केलं. मग म्हणाले, "म्हंजी त्या नांदेडच्या मेकॅनिकनं बदललं की. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला दिली व्हती."

माझा अनुभव असा, की भर चौकात बोललेलं वाक्य माणसाला घरी जाऊ देत नाही. तासाभरात आप्पा समितीसह ठाण्यात हजर झाले. जपानी इंजिनाचा अपहार आणि विश्वासघात, अशी रीतसर फिर्याद. गुन्हा नोंदला.

त्याच दिवशी निनावी फोन आला: नांदेडच्या त्या गॅरेजमागे गोणपाटात गुंडाळलेलं एक इंजिन पडलंय. खरं सांगतो, माझ्या अंगात वारं भरलं. तोवर माझ्या वाट्याला बैलचोऱ्या आणि बांधाच्या मारामाऱ्या आलेल्या. आंतरराष्ट्रीय इंजिनाची चोरी पहिल्यांदाच. जीप काढली आणि हवालदाराला घेऊन नायगावमार्गे नांदेड गाठलं. स्थानिक ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि गोणपाट सोडलं. आत बोअरवरच्या पंपाचं डिझेल इंजिन निघालं. बोअर आटली म्हणून कुणा शेतकऱ्याने दुरुस्तीला टाकलं होतं आणि मग न्यायचंच सोडलं होतं. पंचनाम्यात ते लिहिताना हवालदाराने मिशीत हसू दाबलं.

तरी फिर्यादीत नाव होतं, म्हणून मेकॅनिकला ताब्यात घ्यावंच लागलं. साठीकडे झुकलेला माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणत. तीस वर्षांचं गॅरेज. आमची जीप दारात उभी राहिली तेव्हा तिथे दुरुस्तीला सात गाड्या होत्या; आम्ही निघेपर्यंत पाच मालकांनी आपापल्या गाड्या ढकलत नेल्या. चाचा त्या गाड्यांकडे बघत राहिले. मला म्हणाले, "साहेब, तुम्ही सोडलं तरी ह्या परत येनार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना न्यायालयात हजर करायचं होतं. कोठडी मागायची की सोडायचं, ते मला त्याआधी ठरवायला हवं होतं. गाडीची कागदपत्रं मागितली, तर आप्पा म्हणाले, ती हैदराबादच्या एजंटकडे. नंबरही तिकडचाच. तिकडच्या परिवहन कार्यालयाचं उत्तर यायला आठवडा लागला असता, आणि तोवर तीस वर्षांचं गॅरेज संपलं असतं.

सकाळीच गाडी ठाण्याच्या आवारात आणवली. चोरीच्या गाड्या शोधताना शिकलेली एक साधी रीत वापरली: चेसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल फिरवायची. सतरा अक्षरांचा आकडा उमटला, पहिलं अक्षर एम. असा नंबर आपल्या देशात बनलेल्या गाडीचा असतो. जपानच्या बाजारात विकलेल्या गाडीचा नंबर आखूड, मध्ये आडवी रेघ असलेला. आप्पांना कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मग त्यानं बॉडी बी बदलली आसंल."

हवालदार शांतपणे म्हणाला, "आप्पा, मग गाडीचं ऱ्हायलं काय तुमच्याकडं? चावी?"

आप्पांनी लगेच पवित्रा बदलला. बरं, बॉडी इथली, पण तिच्यात जपानी इंजिन बसवून घेतलं होतं. हे चेसिस नंबरने खोडता येत नव्हतं. हौशी लोक तसं करतात. तीन वर्षांहून जुनी गाडी परदेशातून आणता येत नाही, म्हणून तिकडचं इंजिन भंगारातून आणायचं आणि इथल्या गाडीत घालायचं. प्रश्न पुन्हा इंजिनापाशीच आला.

मी चाचांना समोर बसवलं आणि गाडी आल्यापासून काय काय केलं ते क्रमाने सांगायला लावलं. चौकशीची माझी पद्धत हीच: आरोपाबद्दल विचारायचं नाही, कामाबद्दल विचारायचं. कामाबद्दल बोलताना माणूस खोटं बोलायचं विसरतो. ऑइल बदललं, प्लग साफ केले, ब्रेक पाहिले. मग इंजिन पुसलं. पुसलं का, धुतलं का नाही, असं मी विचारलं.

"धुयाला पानी कुठं हाय, साहेब? कपड्यानं पुसलो. पूरं नाही पुसलो. तिथं आप्पांचं भस्म व्हतं. आपला हात कसा लावू?"

मी खुर्चीवरून उठलोच. बाहेर येऊन बॉनेट उघडलं. इंजिन कडेकडेने पुसून स्वच्छ, आणि मधोमध हातभर जागा जुन्या धुळीने माखलेली. त्या धुळीखाली बोटांनी ओढलेले तीन राखाडी पट्टे. वरच्या झाकणावरून निघून, सांध्यावरून खाली उतरून, इंजिनाच्या अंगावर संपलेले. अखंड. झाकणाचे बोल्ट सैल करून ते दुसऱ्या इंजिनावर बसवलं असतं, तर त्या सांध्यावर पट्टा तुटला असता.

माझा उत्साह आवरत आप्पांना बोलावलं आणि अगदी गप्पांच्या सुरात विचारलं, गाडीची पूजा कुणी केली. आप्पा खुलले. मठातल्या स्वामींनी केली म्हणाले, दिवाळीनंतर, गाडी आली त्याच दिवशी. त्या दिवशी टँकर आला नव्हता. भस्म कालवायला पाणी नाही, म्हणून स्वामींनी समईतल्या तेलात कालवलं आणि स्वतःच्या हाताने लावलं.

"कुठे लावलं?"

"पहिलं इंजिनाला, साहेब. काळीजच की त्ये गाडीचं."

"आणि चाचांनी इंजिन बदललं कधी?"

"गेल्या महिन्यात, म्हनलो की."

मी त्यांना बॉनेटपाशी नेलं. पट्टे दाखवले. मी हवालदाराकडून गाडी पुसायचं फडकं घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आप्पा, इंजिन बदललेलं असेल तर हे तुमच्या स्वामींचं भस्म नाही. कुणीतरी मागून फासलंय. पुसून टाका, मी चाचांची कोठडी मागतो."

आवारात गाडीच्या पंचनाम्याला बोलावलेले दोन पंच उभे होते, दारात समितीची माणसं, आणि व्हरांड्यात बाकावर चाचा. आप्पांनी फडकं धरलेला हात पुढे नेला. भस्मापासून चार बोटांवर तो थांबला. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, फडकं हवालदाराकडे परत दिलं आणि हात जोडले.

"हेच इंजिन हाय, साहेब," ते म्हणाले. त्यांचा इतका लहान आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "जपानची आनायला गेलो व्हतो. एजंट म्हनला, जुनी येत न्हाई, हीच घ्या, बिल्ला लावून देतो. गावात जपान म्हनून बसलो. मग मागं येता येईना."

तो निनावी फोनही समितीतल्याच एकाचा निघाला, आप्पांना मदत म्हणून केलेला.

दुपारी न्यायालयात चाचांना सोडण्याचा अहवाल दिला. पुढे तपास संपल्यावर 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी. त्याचं जे व्हायचं ते झालं. पण त्याआधी मी आप्पांना एक गोष्ट सांगितली होती: कागदावर चाचा सुटतील, गॅरेज कागदाने सुटणार नाही. चार दिवसांनी आप्पा गाडी घेऊन नांदेडला गेले आणि मागचा बिल्ला काढून दिवसभर गॅरेजच्या दारात, रस्त्यावरून दिसेल असे, स्टुलावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगत होते, गाडी इथलीच हाय, चूक माझी. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. दारात सहा गाड्या होत्या.

जिल्हा झाला नाही. कमान अजून उभी आहे. 'जिल्हा' शब्दाचा रंग तेवढा उडालाय.

निवृत्त होईपर्यंत मी त्यानंतर पुष्कळ माणसांची चौकशी केली. धाक, पुरावे, साक्षी हे सगळं लागतंच. पण त्या दिवसानंतर समोर माणूस बसला, की मी आधी मनाशी एकच प्रश्न विचारायचो: याच्या हातात फडकं दिलं, तर हा काय पुसणार नाही?